अंडाशयातल्या गाठीतले पाणी येते कुठून आणि जाते कुठे?

शुभ्रकमळ (दादर), ११ जून

गेल्या आठवड्यात पोटात उजवीकडे बारीक दुखत होते म्हणून सोनोग्राफी करून घेतली. अहवालात उजव्या अंडाशयात 'सिम्पल सिस्ट' असे लिहून आले आणि पुढे तीन मापे होती: ४६, ४१ आणि ४१ मिलिमीटर. आमच्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला, "पाण्याची गाठ आहे, दोन पाळ्या जाऊ देत, मग पुन्हा पाहू," एवढे सांगितले आणि पुढच्या बाईंना आत बोलावले. घाबरण्यासारखे काही नाही हे मला पटले आहे. पण मी रसायनशास्त्राची पदवीधर असून गेली चौदा वर्षे रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे 'पाणी' या शब्दावर माझे समाधान होत नाही. तिन्ही मापांचा गुणाकार करून त्याला लंबगोलाच्या घनफळाच्या ०.५२ या गुणकाने गुणले तर सुमारे चाळीस मिलिलिटर द्रव होतो, म्हणजे कटिंग चहाचा अर्धा ग्लास.

मला औषध किंवा धीर नको आहे, दोन्ही घरी भरपूर मिळत आहे. प्रश्न एवढाच आहे की, हे पाणी म्हणजे नेमके काय, ते तिथे आले कुठून, आणि काहीही न करता दोन महिन्यांत ते जाणार कुठे?

चहाबाज_गिरगाव

मी हा धागा हातात कटिंग घेऊन उघडला होता, एवढेच नम्रपणे नमूद करतो.

जीवरसायन (माटुंगा)

मी महाविद्यालयात सत्तावीस वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवले, पण हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत कोणी विचारल्याचे आठवत नाही.

पाळी चालू असलेल्या वयात आढळणारी साधी, पातळ भिंतीची गाठ म्हणजे बहुतेक वेळा न फुटलेले पुटक, म्हणजे स्त्रीबीज धारण करणारी द्रवाची पिशवी, असते. दर महिन्याला अंडाशयात काही पुटके वाढू लागतात, त्यांतले एक इतरांना मागे टाकते, सुमारे वीस मिलिमीटरचे झाले की फुटते आणि त्यातून स्त्रीबीज बाहेर पडते. ते फुटले नाही आणि तीस मिलिमीटरच्या पुढे वाढत राहिले की सोनोग्राफी करणारे त्यालाच सिस्ट म्हणतात. म्हणजे आपल्या पोटात परके असे काही उगवलेले नाही, नेहमीचेच काम मुदतीत आटोपलेले नाही.

आता द्रवाविषयी. पुटकाच्या आतल्या अस्तरात ग्रॅन्युलोसा पेशी असतात आणि त्या थरात एकही रक्तवाहिनी नसते. रक्तवाहिन्या बाहेरच्या थीका थरापर्यंत येऊन थांबतात, आणि दोन्ही थरांच्या मध्ये एक पातळ पटल असते. आतल्या द्रवाचा मोठा भाग या पटलातून गाळून आलेला रक्तद्रवच असतो. त्यात पाणी, क्षार, ग्लुकोज, अल्ब्युमिन असते. फार मोठी प्रथिने बाहेरच अडतात. पण नुसत्या गाळणीने पोकळी फुगत नाही. ग्रॅन्युलोसा पेशी आतल्या बाजूला हायलुरोनान आणि व्हर्सिकानसारखे अजस्र रेणू सोडतात, ज्यांना पटल ओलांडून परत बाहेर जाता येत नाही आणि जे भोवती पाणी धरून ठेवतात. फालुद्यातला सब्जा आठवा. कोरडे बी पाण्यात पडले की त्याच्याभोवती पारदर्शक गोळा तयार होतो, कारण बियांवरच्या शर्करासाखळ्या पाणी ओढतात आणि सोडत नाहीत. पुटकात फरक इतकाच आहे की शर्करासाखळ्या आत कोंडलेल्या असतात आणि पाणी बाहेरून त्यांच्याकडे येत राहते. पेशींच्या आवरणात ॲक्वापोरिन नावाची पाण्याची दारे असतात, त्यामुळे वाटही मोकळी असते.

आपल्याला रसायनशास्त्राची गोडी आहे म्हणून संप्रेरकांचेही सांगतो. थीका पेशी एलएच या संप्रेरकाच्या आज्ञेने कोलेस्टेरॉलपासून अँड्रोस्टेनेडिओन बनवतात. सत्तावीस कार्बनचा रेणू आधी एकवीसचा, मग एकोणीसचा होतो. ग्रॅन्युलोसा पेशींकडे एकवीसचे एकोणीस करणारी ही कात्री नसते. त्या थीकाने दिलेला माल उचलतात आणि एफएसएच या संप्रेरकाच्या प्रभावाखाली अरोमाटेझ हे विकर (एन्झाइम) वापरून त्याचे अठरा कार्बनचे इस्ट्रोजेन करतात. एकोणिसावा कार्बन फॉर्मिक आम्ल होऊन बाहेर पडतो आणि पहिले कडे बेन्झिनसारखे होते. एकटा कोणताही थर हे काम पूर्ण करू शकत नाही. त्यामुळे फुटण्याच्या बेतात आलेल्या पुटकातल्या द्रवात इस्ट्राडायोलचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा हजार पटींच्या घरात असते. आपल्या अर्ध्या ग्लासात नुसते पाणी नाही, ते याच अर्थाने.

शुभ्रकमळ

सर, मनापासून आभार. बेन्झिनचे कडे माझ्याच पोटात तयार होत असते हे वाचून कारखान्यातल्या टोल्यूइनच्या पिंपांकडे आज वेगळ्या नजरेने पाहिले. पण मग पुढचा प्रश्न येतो की, ते फुटले का नाही?

ओपीडी_मुलुंड

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथे कोणाच्या अहवालावर वैयक्तिक सल्ला देणार नाही, पण या प्रश्नाचे उत्तर देण्याजोगे आहे.

पुटक फुगून, ताण असह्य होऊन फुग्यासारखे फुटते, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात फुटण्याच्या आधी आतला दाब फारसा वाढलेला नसतो. ते फुटत नाही, ते आतून पोखरले जाते. इस्ट्राडायोलची पातळी ठरावीक उंचीवर सुमारे दोन दिवस टिकली की मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी एलएचचा लोंढा सोडते. त्या लोंढ्यानंतर ग्रॅन्युलोसा पेशींमध्ये प्रोजेस्टेरॉनचा ग्राही तयार होतो, सायक्लोऑक्सिजनेज-२ हे विकर जागे होते, प्रोस्टाग्लँडिने ही दाह जागवणारी रसायने बनतात, आणि कोलाजेन तोडणारी विकरे भिंतीचा एक विशिष्ट भाग विरळ करत नेतात. लोंढा सुरू झाल्यापासून साधारण छत्तीस तासांनी भिंत तिथे सुटते. या साखळीतली एक कडी निसटली तरी पुटक तसेच राहते. लोंढा अपुरा आला, चुकीच्या वेळी आला, किंवा आलाच नाही, अशा कारणांनी पाळी सुरू होण्याच्या वयात आणि पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत अशा गाठी अधिक दिसतात.

एक बारकावा सांगते. बीज सुटण्याच्या सुमारास इंडोमेथासिन किंवा मेलॉक्सिकॅम यांसारखी वेदनाशामके नियमित घेतली तर ती सायक्लोऑक्सिजनेजला अडवतात, प्रोस्टाग्लँडिनांची कडी तुटते आणि पुटक न फुटताच पीतपिंडासारखे (बीज सुटल्यावर उरलेल्या पुटकाचा जो पिंड होतो त्यासारखे) वागू लागते, असे अभ्यासांत दिसले आहे.

केतकी_बोरिवली

हे वाचून धडकी भरली. मी पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत मेफेनामिक आम्लाची गोळी गेली दहा वर्षे घेत आहे. मीच माझ्या गाठी तयार करत होते का?

ओपीडी_मुलुंड

नाही. आपण गोळी पाळीच्या दिवसांत घेता, आणि पुटक फुटते ते त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी. तोवर त्या गोळीचा मागमूसही शरीरात उरत नाही. संधिवातासारख्या कारणांसाठी महिनाभर रोज घेणाऱ्या आणि मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांनी मात्र हा विषय आपल्या डॉक्टरांकडे अवश्य काढावा.

शब्दवेल्हाळ

चर्चा उत्तम चालली आहे, पण माझा आक्षेप 'गाठ' या शब्दाला आहे. मराठी घरात गाठ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात एकच रोग येतो आणि मग सांत्वनाचे फोन सुरू होतात. द्रवाने भरलेल्या पिशवीला 'पुटी' आणि बीज धारण करणाऱ्याला 'पुटक' असे दोन चांगले शब्द आपल्याकडे आहेत. दोन्ही एकाच 'पुट'पासून आलेले, पानाचा द्रोण किंवा पोकळी अशा अर्थाचे. या धाग्यात तर दोन्हींचे नातेच उलगडत आहे, कारण न फुटलेले पुटक म्हणजेच पुटी.

जाता जाता सांगतो की, शास्त्रज्ञांचाही यात गोंधळ झालेला आहे. डच वैद्य रेग्निअर द ग्राफ याने १६७२ साली पुटकांचे वर्णन केले तेव्हा त्याला ती अख्खी पिशवीच बीज वाटली होती. सस्तन प्राण्याचे खरे बीज त्या पिशवीच्या आत असते हे कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर याने १८२७ साली दाखवले. मधली दीडशे वर्षे पिशवीलाच मान मिळाला.

गिरगावची_मावशी

शब्द सुंदर आहेत, पण दवाखान्यात "मला पुटी झाली आहे" असे सांगितले तर नर्स मला नाव पुन्हा विचारेल.

हरितपर्ण (विलेपार्ले)

माझा अनुभव वेगळा आहे. मला २०१९ साली ३८ मिलिमीटरची गाठ होती. मी एका वैद्यांकडून कांचनार गुग्गुळ घेतले, रोज जवसाची पूड खाल्ली, आणि अडीच महिन्यांत गाठ पूर्ण विरघळली. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही अहवाल माझ्याकडे आहेत. इथे एवढे रसायनशास्त्र सांगितले जात आहे, पण प्रत्यक्ष परिणामाला काहीच किंमत नाही का?

जीवरसायन (माटुंगा)

हरितपर्ण, आपले दोन्ही अहवाल खरे असणार याबद्दल मला शंका नाही. प्रश्न मधल्या अडीच महिन्यांचे श्रेय कोणाचे हा आहे. साधी पुटी जिवंत राहते ती पेशींच्या चालू असलेल्या कामावर. एफएसएचचा आधार कमी झाला की ग्रॅन्युलोसा पेशी एकामागून एक स्वतःहून मरतात, हायलुरोनान नव्याने बनत नाही, असलेले तुटून लहान होते आणि पाणी धरून ठेवणारे कोणी उरत नाही. मग तो द्रव थीका थरातल्या शिरा आणि लसिकावाहिन्यांतून रक्तात परत जातो, मूत्रपिंडे त्याचा हिशेब लावतात आणि भिंत आकसून पांढरट व्रणासारखी होते. कधी पुटी फुटते आणि द्रव उदरपोकळीत सांडतो. पोटाचे अस्तर तोही शोषून घेते. हे सर्व बहुतेक स्त्रियांत दोन-तीन पाळ्यांच्या आत घडते. त्या काळात जो जवस खाईल त्याची गाठ जवसाने जाईल, आणि जो रोज लोकलने चर्चगेटला जाईल त्याची लोकलने.

शुभ्रकमळ, आपल्या 'जाते कुठे' या प्रश्नाचेही हेच उत्तर आहे.

हरितपर्ण (विलेपार्ले)

लोकलचा दाखला मला बोचला, पण मुद्दा समजला. मग ॲलोपॅथीचे डॉक्टर गाठ 'विरघळवण्यासाठी' गर्भनिरोधक गोळ्या देतात, त्यांनाही हाच न्याय लावावा.

ओपीडी_मुलुंड

लावायलाच हवा, आणि लावलेला आहे. कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या पद्धतशीर आढाव्यात हेच निघाले की आधीच झालेली साधी पुटी गोळ्यांनी अधिक लवकर जात नाही. गोळ्या पीयूषिकेला शांत ठेवतात, त्यामुळे नवीन पुटके वाढत नाहीत आणि नवीन पुटी होण्याची शक्यता कमी होते, पण जुनी आपल्याच गतीने जाते. हरितपर्ण यांचा टोला आमच्या वर्गाला लागू आहे हे मान्य करते. चिठ्ठीवर काहीच न लिहिता रुग्णाला परत पाठवणे आम्हाला जड जाते, आणि रुग्णालाही.

सूक्ष्मदर्शी (परळ)

मी विकृतिशास्त्रज्ञ आहे आणि शस्त्रक्रियेने काढलेली अंडाशये माझ्या टेबलावर येतात. इथे आतापर्यंतची सारी चर्चा एकाच प्रकारच्या पुटीची झाली, म्हणून थोडी पुस्ती जोडते. सोनोग्राफीच्या खोलीत सर्व पुट्या काळ्या-करड्या दिसतात, पण सुरी लावली की प्रत्येकीचे द्रव्य वेगळे असते, आणि तेच तिची ओळख सांगते.

डर्मॉइड नावाची पुटी उघडली की आत पिवळट लोणी असते आणि त्यात केसांचा गुंता. शरीराच्या उष्णतेत ते पातळ असते, आणि बशीत काढून ठेवले की जानेवारीतल्या खोबरेलासारखे थिजते. कारणही तसेच आहे, ते त्वचेच्या तैलग्रंथींचे तेल असते, ट्रायग्लिसराइडे, मेणासारखी इस्टरे आणि स्क्वॅलीन. एकदा माझ्या हातमोज्याला आतून एक दाढ लागली, अगदी किडीचा डागही नसलेली. ही गाठ बीजपेशीपासून निपजते. शुक्राणूशिवायच ती पेशी विभागू लागते आणि तिच्यातून त्वचा, दात, क्वचित थायरॉइडची ऊतीसुद्धा तयार होते. इथे शोषून घेण्यासारखे काही नसते, त्यामुळे थांबून ती जात नाही.

म्युसिनस सिस्टॲडिनोमा या प्रकारच्या गाठीतून निघतो तो भेंडीच्या चिरलेल्या टोकाला लोंबतो तसा तार धरणारा द्रव. तो म्युसिनांचा असतो, म्हणजे प्रथिनाच्या कण्यावर शर्करांचे दाट केस असलेल्या रेणूंचा. हे रेणू जठराच्या अस्तरातल्या रेणूंशी पुष्कळ जुळतात. पेशी ते स्रवतच राहतात, म्हणून या गाठी प्रचंड वाढू शकतात. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या डॅनव्हिल गावी इफ्राइम मॅकडॉवेल यांनी १८०९ च्या डिसेंबरात जेन टॉड क्रॉफर्ड या बाईंच्या अंडाशयाची जी गाठ काढली ती साडेबावीस पौंडांची होती आणि तिच्यातून जेलीसारखा द्रव निघाला होता. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. त्या घोड्यावरून साठेक मैल आल्या होत्या, शस्त्रक्रिया पंचवीस मिनिटांत झाली, आणि त्यानंतर त्या तीस वर्षांहून अधिक जगल्या.

चॉकलेट सिस्टमध्ये चॉकलेट नसते, काकवी असते असे मी म्हणेन. तिचा रंग, तिची धार आणि सुरीला चिकटून राहण्याची तिची खोड, सारे काकवीचे.

काकवी_आता_नको (माहीम)

नाव याच प्रतिसादामुळे आत्ता बदलले. मी त्या काकवीची नऊ वर्षांची मालकीण आहे, डावीकडे ५२ मिलिमीटर. माझा मनस्ताप गाठीमुळे कमी आणि एका कागदामुळे जास्त झाला. एका तपासणी केंद्राच्या 'संपूर्ण स्त्री-आरोग्य' संचात सीए-१२५ ही, अंडाशयाच्या कर्करोगासाठी वापरतात ती, रक्तचाचणी आपोआप धरलेली होती. निकाल ८१ आला, मर्यादा ३५ होती, आकडा ठळक अक्षरांत होता आणि शेजारी लाल बाण. तो निकाल रात्री साडेअकराला मोबाइलवर आला. सकाळपर्यंत मी मुलाच्या शाळेच्या फीची आणि आईच्या औषधांची यादी करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा की, रक्त दिले तेव्हा पाळीचा कितवा दिवस होता? दुसरा दिवस होता.

सूक्ष्मदर्शी (परळ)

आपली ती रात्र टळायला हवी होती. सीए-१२५ हा म्यूक१६ नावाच्या अवाढव्य म्युसिनाचा भाग आहे, ज्याच्या कण्यातच बावीस हजारांहून अधिक अमिनो आम्ले असतात. १९८१ साली रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी तो ओळखणारे प्रतिपिंड तयार केले आणि पुढे कर्करोगाच्या उपचारांवर लक्ष ठेवण्यासाठी त्याचा उपयोग सुरू झाला. पण तो रेणू कर्करोगाचा खास नाही. पोटाचे अस्तर, फुप्फुसाचे आवरण आणि गर्भाशयाचे अस्तर या सगळ्यांवर तो असतो आणि त्यांपैकी कोणाचाही दाह झाला की रक्तात वाढतो. पाळीत वाढतो, गर्भारपणात वाढतो, फायब्रॉइडमध्ये आणि एंडोमेट्रिऑसिसमध्ये, म्हणजे आपल्या काकवीमागच्या विकारात, वाढतो. आपल्याकडे पोटाच्या क्षयरोगात तर तो शेकड्यांत जातो, पोटात पाणीही होते, आणि चित्र हुबेहूब कर्करोगासारखे दिसते. पाळी चालू असलेल्या वयात ही चाचणी सरसकट संचात घालणे मला योग्य वाटत नाही. पाळी गेलेल्या स्त्रीच्या अंडाशयात पुटी दिसली तर मात्र तिचा अर्थ वेगळा असतो आणि तेव्हा ती मुद्दाम करतात.

शुभ्रकमळ

काकवीचा रंग लोहाचा का?

जीवरसायन (माटुंगा)

लोहाचाच. जॉन सॅम्पसन यांनी १९२१ साली या गाठींचे वर्णन केले आणि चॉकलेट हा शब्दही त्यांनीच वापरला. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती अंडाशयावर रुजते आणि दर पाळीला तिथेच रक्तस्राव होतो, पण रक्ताला बाहेर जायला वाट नसते. तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिन मोडते, हीममधून लोह सुटते. काही लोह हिमोसायडरिन होऊन भक्षक पेशींत साठते, आणि जे मोकळे राहते ते उपद्रव करते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फेरस लोह एकत्र आले की हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो, आणि तो समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतो. ही अभिक्रिया हेन्री फेंटन यांनी १८९४ साली टार्टारिक आम्लावर, म्हणजे आपल्या चिंचेतल्या आम्लावर, काम करताना मांडली होती. शुभ्रकमळ, आपल्या सांडपाणी विभागात रंगद्रव्ये फोडायला हीच अभिक्रिया वापरत असतील. तिथे ती उपकारक आहे, इथे शेजारच्या निरोगी अंडाशयाला पोळते आणि ऊती चिकटवत जाते.

साध्या पुटीहून आणखी एक मोठा फरक आहे. या ऊतीत स्वतःचे अरोमाटेझ असते, जे निरोगी गर्भाशय-अस्तरात जवळजवळ नसतेच. ती प्रोस्टाग्लँडिन-ई२ बनवते, ते अरोमाटेझला चेतवते, अरोमाटेझ इस्ट्रोजेन बनवते आणि इस्ट्रोजेन पुन्हा प्रोस्टाग्लँडिन वाढवते. शिवाय प्रोजेस्टेरॉनच्या आवर घालणाऱ्या हाकेला ती नीट ओ देत नाही. म्हणून ही गाठ वाट पाहून जात नाही, आणि म्हणूनच तिची औषधे या साखळीवर बेतलेली असतात.

काकवी_आता_नको (माहीम)

मला डायनोजेस्ट हे प्रोजेस्टेरॉनसारखे औषध देतात, ते त्या साखळीपैकी कुठे बसते हे आज प्रथमच समजले. शस्त्रक्रिया करून टाक असे नातेवाईक सांगतात, पण गाठ सोलून काढताना निरोगी पुटकेही जातात आणि एएमएच, म्हणजे उरलेल्या पुटकांचा अंदाज देणारे संप्रेरक, खाली येते, असे डॉक्टरांनी समजावले होते. त्यामुळे आम्ही अजून थांबलो आहोत.

बाबा_ताडदेव

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. तिच्या अहवालात दोन्ही अंडाशयांत 'अनेक सिस्ट' असे लिहिले असून पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे अनेक सिस्टच्या अंडाशयांचा विकार) म्हटले आहे. त्या सगळ्या गाठी काढाव्या लागतील का? घरात तिची आई नाही, म्हणून मीच विचारत आहे.

ओपीडी_मुलुंड

आपण विचारलेत हे फार चांगले केलेत. त्या काढायच्या नसतात, कारण त्या या धाग्यातल्या अर्थाने गाठीच नाहीत. ती दोन ते नऊ मिलिमीटरची, वाढता वाढता मध्येच थांबलेली पुटके आहेत. त्यांना पुढे जाण्याचा इशाराच नीट मिळत नाही. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल यांनी १९३५ साली सात स्त्रियांच्या आधारे या विकाराचे वर्णन केले आणि तेव्हापासून अंडाशयाचे ते दृश्यच नावाला चिकटले. मूळ बिघाड संप्रेरकांचा आहे. इन्सुलिन रक्तात जास्त राहिले की ते थीका पेशींना अधिक अँड्रोजेन (पुरुषी संप्रेरके) बनवायला लावते, आणि यकृतातून येणारे, ती संप्रेरके बांधून ठेवणारे प्रथिन कमी करते. त्यातून पुरळ, नको तिथे केस आणि लांबलेली पाळी येते. या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयांतही भरपूर पुटके दिसतात, म्हणून नुसत्या सोनोग्राफीवर शिक्का मारत नाहीत. तिची पाळी किती दिवसांनी येते, हे तिला विचारून लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. परळच्या प्रजनन-आरोग्य संशोधन संस्थेने या विकारातल्या जनुकांचा आणि जैवरासायनिक मार्गांचा एक माहितीकोश २०१६ साली तयार केला आहे, यावरून हे प्रकरण सोनोग्राफीच्या एका ओळीत मावणारे नाही हे लक्षात येईल.

बाबा_ताडदेव

वही आजच आणतो.

रोखठोक_सायन

एक स्पष्ट विचारतो. हायलुरोनान आणि अरोमाटेझ कळल्याने रुग्णाच्या हातात काय पडते? शेवटी डॉक्टर म्हणतात तेवढेच करायचे ना?

केतकी_बोरिवली

माझ्या हातात काय पडले ते सांगते. गेल्या वर्षी माझी गाठ ६० मिलिमीटरची होती आणि 'आपोआप जाते' एवढेच मला ठाऊक होते. एका पहाटे पोटात एकदम जीवघेणी कळ आली, सलग उलट्या झाल्या, आणि मी 'आपोआप जाईल' म्हणत सहा तास अंथरुणात पडून राहिले. अंडाशयाला पीळ पडला होता आणि त्याचा रक्तपुरवठा तुटत चालला होता. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पीळ सोडवला आणि अंडाशय वाचले, पण थोडक्यात. थांबायचे ते नेमके कशासाठी, हे मला कळले असते तर थांबू नये अशी वेळ कोणती तेही कळले असते.

रोखठोक_सायन

प्रश्न मागे घेतो.

ओपीडी_मुलुंड

शुभ्रकमळ, पुन्हा सोनोग्राफी कराल तेव्हा पाळी संपल्यावर लगेच, पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान करा. महिन्याच्या मध्यावर गेलात तर त्या महिन्याचे वाढते पुटक दिसेल आणि जुनी पुटी की नवी, असा वाद निर्माण होईल.

शुभ्रकमळ, १९ ऑगस्ट

धागा वर आणत आहे. काल, पाळीच्या सहाव्या दिवशी, गुडघाभर पाण्यातून सोनोग्राफी केंद्र गाठले. उजव्या अंडाशयातली गाठ अजून आहे, पण मापे १९, १८ आणि १७ मिलिमीटर आली आहेत. भिंत पातळ आहे आणि आत काही नाही. डॉक्टरीणबाईंनी आणखी दोन पाळ्यांनी एकदा पाहू असे सांगितले. घरी मात्र निराशा आहे, कारण "सेहेचाळीसची एकोणीसच झाली, दोन महिन्यांत निम्म्याहून थोडीच जास्त कमी झाली," असा सासूबाईंचा हिशेब आहे.

जीवरसायन (माटुंगा)

सासूबाईंनी लांबी मोजली, आपण विचारले होते पाणी. आपलेच सूत्र पुन्हा लावा. १९, १८ आणि १७ यांचा गुणाकार ०.५२ ने गुणला की जेमतेम तीन मिलिलिटर होतात. चाळीसातले सदतीस गेले. व्यास अडीच पटींनीही घटलेला नाही, पण द्रव तेरा पटींनी घटला आहे.

शुभ्रकमळ

हा हिशेब वहीवर मांडून सासूबाईंना दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "म्हणजे अजून तीन आहेतच की."